सतरंज्या उचलणाऱ्यांचे चरित्र

या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. जी माणसे स्वतः क्वचितच रंगमंचावर आली, पण ज्यांच्यावाचून पडदा वर गेला नसता, अशा स्थानिक कलाकार्यकर्त्यांची आठवण त्यांच्या पश्चात कशी लिहावी, कशी जपावी आणि कशी चालू ठेवावी, असा हा विषय आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची आणि दिवंगतांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्य-संगीत मंडळाचे काम तीस वर्षांहून अधिक काळ विनामोबदला सांभाळणाऱ्या बाईंचे नुकतेच निधन झाले. स्मरणिकेतील मुख्य लेख मी लिहावा, असे ठरले आहे. माझा मसुदा वाचून माझ्या बहिणीने एकच शेरा मारला : ‘हा लेख कोणाबद्दलही असू शकतो.’ निःस्वार्थी, हसतमुख, कलेवर जिवापाड प्रेम करणाऱ्या, असे मी लिहिले आहे आणि ते सारे खरे आहे. तरीही बाई त्यात दिसत नाहीत. कोठे चुकले?

उत्तर : तुमच्या बहिणीने संपादकाचे काम फुकटात करून दिले आहे, तो शेरा टेबलासमोर चिकटवून ठेवा. दोष विशेषणांचा आहे. ‘निःस्वार्थी’ हा निष्कर्ष आहे आणि निष्कर्ष काढण्याचा मान वाचकाचा असतो. लेखकाने त्याच्यापुढे फक्त पुरावा ठेवायचा असतो. बाई कशा होत्या हे क्षणभर बाजूला ठेवा आणि बाई काय करत असत, हे क्रियापदांनी लिहायला बसा. नाट्यगृहाची तारीख मिळवण्यासाठी खेटे कोण घालत असे, तालमीच्या खोलीची किल्ली कोणाकडे असे, साथीदार ऐन वेळी येऊ शकला नाही तेव्हा फोन कोणाला गेला, शेवटचा प्रेक्षक गेल्यावर सतरंज्या कोणी गोळा केल्या आणि दिवे कोणी मालवले, या प्रश्नांची उत्तरे मांडली की ‘निःस्वार्थी’ हा शब्द लिहिण्याची गरजच उरत नाही.

अडचण अशी आहे की गायकाच्या मागे ध्वनिमुद्रणे राहतात, चित्रकाराच्या मागे चित्रे राहतात, पण आयोजकाचे काम जितके चांगले झालेले असते तितके ते नजरेआड जाते. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, ध्वनिवर्धक कुरकुरला नाही आणि कलाकारांचे मानधन त्याच रात्री हाती पडले, तर हे कोणी घडवले, असे कोणी विचारत नाही. म्हणून अशा व्यक्तीबद्दल लिहिताना आठवणींवर विसंबून भागत नाही. कागद शोधावे लागतात. जुन्या कार्यक्रमपत्रिका, हिशेबाच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, सभागृहाच्या पावत्या आणि नकारार्थी उत्तरे आलेली पत्रेसुद्धा जमवा. नकाराची पत्रे विशेष बोलकी असतात, कारण किती दारे ठोठावल्यावर एक उघडले, हे त्यांच्यावरूनच कळते. मग मोजा. ‘असंख्य उपक्रम’ लिहिण्यापेक्षा खरा आकडा लिहा, मग तो लहान का असेना. मी स्वतः एकदा एका दिवंगत आयोजकाबद्दल ‘शेकडो मैफली’ असे लिहून मोकळा झालो होतो. त्यांच्या कन्येने वह्या मोजल्या तेव्हा आकडा शंभराच्याही आत निघाला, पण प्रत्येक मैफलीसमोर त्यांनी स्वतःच्या खिशातून किती पदरमोड केली, हे लहान अक्षरात लिहिलेले होते. माझ्या ‘शेकडो’पेक्षा ते रकाने कितीतरी वजनदार होते, आणि ते न पाहता मी लेख लिहिला, याची मला आजही लाज वाटते.

एक मोठे उदाहरण पाहा. लंडनमधील ओल्ड व्हिक या नाट्यगृहाची सूत्रे लिलियन बेलिस हिच्याकडे १९१२ साली आली, ती तिची मावशी एमा कॉन्स हिच्या निधनानंतर. या मावशीने १८८० साली तेच नाट्यगृह मद्यपानाला पर्याय म्हणून श्रमिकांना स्वस्त आणि निर्मळ करमणूक मिळावी या हेतूने चालवायला घेतले होते. ती मुळात समाजसुधारक होती, तर भाची तरुणपणी व्हायोलिन आणि बँजो वाजवीत असे. पण दोघींपैकी एकीचेही नाव कलावंत म्हणून घेतले जात नाही. तरीही १९१४ ते १९२३ या काळात ‘फर्स्ट फोलिओ’ या शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहातील सर्व नाटके ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर झाली. १९३१ साली बेलिसने सॅडलर्स वेल्स हे पडीक नाट्यगृह नव्याने उभे करून उघडले आणि तेथे नृत्य व संगीतिका यांना हक्काचे घर दिले. आजचे रॉयल बॅले आणि इंग्लिश नॅशनल ऑपेरा यांची मुळे त्या घरात आहेत, आणि ब्रिटनच्या नॅशनल थिएटरनेही आपली पहिली वर्षे ओल्ड व्हिकमध्येच काढली. हा परिच्छेद पुन्हा वाचून पाहा. त्यात बेलिसबद्दल एकही गौरवाचे विशेषण नाही. घेतले, उभे केले, उघडले, दिले, एवढेच आहे. तुमच्या बाईंच्या कामाचा आवाका लहान असेल, पण वाक्यरचना हीच ठेवा.

मुलाखती घेताना अध्यक्षांपासून सुरुवात करू नका. अध्यक्षांना भाषण पाठ असते. ध्वनियंत्रणा सांभाळणारा, दारावर तिकिटे पाहणारा, ज्याला पहिली भूमिका बाईंच्या आग्रहामुळे मिळाली असा आता मोठा झालेला मुलगा, आणि ज्याला त्यांनी भूमिका मिळू दिली नाही असाही एखादा, यांच्याकडे आधी जा. प्रत्येक प्रसंगाला शक्यतो दोन साक्षीदार शोधा, कारण शोकाच्या दिवसांत माणसे प्रामाणिकपणेही अतिशयोक्ती करतात. आणि एक बाजू विसरू नका : मंडळ चालवणे हे अशा व्यक्तीचे निम्मेच काम असते. उरलेले निम्मे काम कलेची बाजू ज्यांना कलेशी देणेघेणे नाही त्यांच्यापुढे मांडण्याचे असते. शाळेतला संगीताचा तास कापला जाऊ नये म्हणून त्या कोणाला भेटल्या, सभागृहाचे भाडे वाढले तेव्हा कोणत्या बैठकीत काय म्हणाल्या, हे कागदोपत्री सापडले तर त्याला लेखात भरपूर जागा द्या. टाळ्या मिळणाऱ्या कामाबद्दल सगळेच लिहितील.

जन्मतारखेपासून आरंभ करू नका, एवढी शेवटची विनंती. एखादी संध्याकाळ निवडा, जिच्यात बाई पूर्णपणे कामात गुंतलेल्या दिसतील. जन्म, शिक्षण आणि कुटुंब यांना पुढे कोठेही जागा मिळते.

प्रश्न : आमचे दिवंगत सचिव थोर कार्यकर्ते होते, पण हट्टी आणि तापट होते. निम्मे मंडळ त्यांच्यावर रुसून गेले होते. लेखात हे लिहावे की गेलेल्या माणसाबद्दल चांगलेच बोलावे?

उत्तर : शोकसभेत चांगले बोलावे, लेखात खरे लिहावे. दोन्ही प्रसंग वेगळे आहेत आणि त्यांचे श्रोतेही वेगळे आहेत. शोकसभेत कुटुंबीय समोर बसलेले असतात, तर लेख आणखी वीस वर्षांनी अशा कोणाच्या तरी हाती पडेल, ज्याला मंडळ का फुटले होते हे जाणून घ्यायचे असेल, आणि तेव्हा त्याला सांगायला कोणी उरलेले नसेल.

मात्र दोष लिहिणे म्हणजे जुना हिशेब चुकता करणे नव्हे. कसोटी सोपी आहे : त्या स्वभावाचा कामावर परिणाम झाला असेल तर लिहा, नसेल तर तो घरगुती मामला आहे, सोडून द्या. आणि परिणाम बहुधा दोन्ही बाजूंनी झालेला असतो. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पॅप याने सेंट्रल पार्कात शेक्सपिअरची नाटके विनामूल्य दाखवण्यास सुरुवात केली, तेव्हा उद्यानांचे आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी १९५९ साली अट घातली की गवताची जी झीज होते तिचा खर्च भरून काढण्यासाठी प्रेक्षकांकडून शुल्क घ्यावे. पॅपने नकार दिला, प्रकरण न्यायालयात नेले आणि अपिलात तो जिंकला. १९६२ साली त्याच उद्यानात डेलाकोर्ट हे खुले नाट्यगृह उभे राहिले. पॅपबरोबर काम करणाऱ्यांना त्याच्या ज्या हट्टाचा जाच होत असे, तोच हट्ट त्या दिवशी हजारो प्रेक्षकांच्या उपयोगी पडला. समजूतदार माणसाने बहुधा नाममात्र तिकीट लावून तडजोड केली असती. लिलियन बेलिसही नटांना पैसे देताना हात आखडता घेत असे आणि तिच्या चरित्रकारांनी ते झाकलेले नाही, कारण त्या काटकसरीवाचून तिची तिकिटे स्वस्त राहिली नसती.

तुमच्या सचिवांचा तापटपणा कोणत्या प्रसंगी मंडळाला वाचवून गेला आणि कोणत्या प्रसंगी महाग पडला, असे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा आणि मध्ये स्वतः बोलू नका. रुसून गेलेल्यांपैकी एकाला लेख छापण्यापूर्वी वाचायला द्या. तो सगळाच मजकूर मान्य करणार नाही. पण ‘असे झाले होते’ एवढे म्हणाला तरी पुरे.

प्रश्न : वृत्तपत्रासाठी निधनवार्ता आणि मासिकासाठी लेख असे दोन्ही मलाच लिहायचे आहे. दोन्हींत काय फरक ठेवावा? आजाराचा उल्लेख करावा का?

उत्तर : निधनवार्ता म्हणजे माहिती : पूर्ण नाव, वय, निधनाचा दिवस, कामाची ओळख दोन वाक्यांत, आप्तांचा उल्लेख आणि स्मृतिसभेचे स्थळ व वेळ. दीडशे शब्दांत ती बसते आणि तिच्यात नाव किंवा तारीख चुकली तर दुःखात असलेल्या घराला आणखी मनस्ताप होतो, म्हणून घरातील एका माणसाकडून ती तपासून घेतल्याशिवाय पाठवू नका. लेखाला घाई नसते. महिना गेला तरी बिघडत नाही, उलट पहिल्या आठवड्यातील भरून आलेला गळा ओसरल्यावरच तो नीट लिहून होतो. आजाराचा उल्लेख कुटुंबाच्या संमतीनेच करावा. त्या व्यक्तीने आजारपणातही काम चालू ठेवले असेल तरच लेखात त्याला स्थान आहे.

प्रश्न : माझ्या आत्याने आयुष्यभर एक कलामंडळ चालवले. तिच्या खोलीत कागदांची बारा खोकी, ध्वनिफितींच्या दोन पेट्या आणि छायाचित्रांचे ढीग आहेत. खोली रिकामी करायची आहे. रद्दीत काय द्यावे आणि काय ठेवावे, हे कळत नाही.

उत्तर : पहिले आठ दिवस काहीही देऊ नका आणि काहीही लावून ठेवू नका. ‘नीट लावणे’ हीच बहुतेक वेळा पहिली हानी असते. अभिलेखागारात एक जुना नियम पाळला जातो : कागद ज्या क्रमाने मूळ मालकाने ठेवले, तो क्रम मोडायचा नाही. आत्याने एका पिशवीत कार्यक्रमपत्रिका, तिच्यामागे पावती आणि तिच्यामागे कोणाचे तरी रागाचे पत्र ठेवले असेल, तर ती तिन्ही मिळून एक गोष्ट सांगतात. पत्रे पत्रांत आणि पावत्या पावत्यांत टाकल्या की ती गोष्ट संपली. म्हणून आधी प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, उघडल्यावर जसे दिसते तसे छायाचित्र घ्या आणि एका वहीत खोक्यागणिक चार ओळी लिहा. बारा खोक्यांची यादी एका रविवारात होते आणि पुढे कोणतेही ग्रंथालय किंवा संग्रहालय तुमच्याकडून पहिल्यांदा हीच यादी मागेल.

त्यानंतर शत्रू बाजूला करा. रबरबँड वाळून कागदाला चिकटतात, टाचण्या गंजतात, चिकटपट्टीचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. पहिल्या दोन्ही गोष्टी हलक्या हाताने काढा, चिकटपट्टी मात्र ओढू नका. कागद फाटका असला तरी नवी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असल्याने स्वतःही पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डागाळतो; कात्रणांच्या चांगल्या कागदावर प्रती काढून मूळ कात्रणे वेगळ्या पाकिटात ठेवा. उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत पावत्या काही वर्षांत कोऱ्या होतात, म्हणून त्यांच्या प्रती सर्वांत आधी काढा. खोकी माळ्यावर किंवा तळघरात न ठेवता घरातील ज्या खोलीत माणसे वावरतात अशा कोरड्या, सावलीच्या खोलीत, जमिनीपासून थोडी उंच ठेवा.

ध्वनिफितींना मात्र थांबायला वेळ नाही. फितीवरील चुंबकीय थर ज्या बंधकाने धरलेला असतो तो ओलाव्याने विघटित होतो, आणि त्याहून मोठी अडचण ही की फिती वाजवणारी चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसे दोन्ही दुर्मीळ होत चालली आहेत. चिकट झालेली फीत घरच्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळा. एकदा थर निघाला की आवाज गेला. जाणकाराकडून अंकीकरण करून घेताना किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या दर्जाची, आकुंचन न केलेली वेव्ह स्वरूपातील प्रत मागा; ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस हीच आहे आणि त्याहून वरचा ९६ किलोहर्ट्झचा दर्जा मिळाला तर उत्तम. एमपी-३ प्रत ऐकायला सोयीची असते, पण ती जतनाची प्रत नव्हे. प्रत्येक फायलीच्या तीन प्रती दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवून त्यांतील एक प्रत दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी असू द्या.

छायाचित्रांबाबत एकच काम इतर सर्वांपेक्षा निकडीचे आहे, ते म्हणजे नावे. वयस्कर मंडळींना एकत्र बसवा, प्रत्येक चित्र त्यांच्यापुढे ठेवा आणि ते जे बोलतील ते ध्वनिमुद्रित करा. ती बैठक हाच पुढे एक दस्तऐवज होतो. चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता क्रमांक लिहा आणि नावे वहीत लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याची खूण पुढच्या बाजूला उमटते. ज्या चित्रात वीस माणसे नावांशिवाय उभी आहेत, ते दहा वर्षांनी कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

काय टाकावे, हे तुम्ही विचारले होते. एकाच पत्रिकेच्या तीनहून अधिक कोऱ्या प्रती, घरगुती वीजबिले आणि छापील साहित्य जे इतरत्र सहज मिळते, ते देऊन टाका. हिशेबाच्या वह्या टाकू नका. त्या कंटाळवाण्या दिसतात, पण कलामंडळाचा इतिहास भाषणांपेक्षा वह्यांत अधिक प्रामाणिकपणे लिहिलेला असतो. इतरांची खासगी पत्रे निघाली तर ती वेगळी ठेवा आणि लिहिणारे हयात असल्यास त्यांना विचारा. आणि लक्षात ठेवा की मैफलीची फीत तुमच्या ताब्यात असली तरी त्यातील गायनावरचे हक्क तुमच्याकडे आले असे होत नाही. जतन करायला हरकत नाही, प्रसिद्ध करण्यापूर्वी मात्र कलाकाराची किंवा वारसांची लेखी परवानगी हवी. संग्रह एखाद्या संस्थेला देणार असाल तर कोणी केव्हा पाहावे, काय बंद ठेवावे आणि संस्थेला नको असलेले कागद परत करावेत की नष्ट करावेत, हे दानपत्रात लिहून घ्या. तोंडी विश्वास तुमच्या आणि आजच्या ग्रंथपालाच्या हयातीपुरताच असतो.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या स्मरणार्थ दरवर्षी पुरस्कार द्यावा, असे काहींना वाटते, काहींना सभागृहाला नाव द्यावेसे वाटते. थोडा निधी जमला आहे. काय योग्य?

उत्तर : आधी एक अप्रिय प्रश्न विचारतो : हा पुरस्कार पाचव्या वर्षी कोण देणार? प्रत्येक स्मृतिपुरस्काराला निवड समिती, पत्रव्यवहार, समारंभ आणि त्यासाठी राबणारा एक माणूस लागतो, आणि तुमच्याकडचा तो माणूसच तर गेला आहे. अनेक पुरस्कार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ज्याला कोणी नाही म्हणणार नाही अशा आधीच गौरवलेल्या कलावंताला दिले जातात आणि पुढे थांबतात. ज्याने आयुष्यभर सतरंज्या उचलल्या, त्याच्या नावाने व्यासपीठावर बसणाऱ्यालाच आणखी एक शाल देणे मला तरी विसंगत वाटते.

जी स्मारके टिकली, त्यांच्याकडे पाहिले तर बहुतेक ठिकाणी गेलेल्या माणसाचे कामच पुढे चालू ठेवलेले दिसते. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. गाणाऱ्याची आठवण गाण्याने ठेवली गेली. ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने आपले कार्यकर्ते पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब वझे यांच्या नावाने १९६३ साली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पुरुषोत्तम करंडकासाठी रात्ररात्र तालमी करणाऱ्या किती मुलांना हे पुरुषोत्तम कोण होते ते ठाऊक असेल, याची मला शंका आहे. पण पडद्यामागे राबलेल्या माणसाला याहून शोभणारे विस्मरण दुसरे नसावे.

आता निधीचे गणित. मुद्दल न मोडता फक्त व्याज खर्च करायचे, असे ठरवले जाते, पण महागाई त्यात धरली जात नाही. ठेवीवर ६ टक्के मिळत असतील आणि महागाई ४ टक्के असेल, तर मुद्दलाची किंमत टिकवून खर्चाला उरतात ते केवळ २ टक्के. सहाच्या सहा टक्के खर्च केले तर सुमारे १८ वर्षांत त्याच मुद्दलाची खरेदीची ताकद निम्मी होते. म्हणून निधी लहान असेल तर तो ‘अक्षय’ ठेवण्याचा आग्रह सोडा आणि दहा वर्षांत संपवण्याचे ठरवा. दहा वर्षे दोन-दोन नवशिक्यांचे शुल्क भरले गेले किंवा तालमीच्या खोलीचे भाडे दिले गेले, तर वीस माणसे घडतात. एखादी ओळ हेतूबद्दलही लिहून ठेवा. बेंजामिन फ्रँकलिनने १७९० साली मृत्युपत्राद्वारे बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड दिले, ते उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकण्याचा काळ, पूर्ण केलेल्या २५ वर्षांखालील विवाहित कारागिरांना कर्ज देण्यासाठी आणि दोनशे वर्षे वाढवण्यासाठी. पैसा वाढला, पण कारखान्यांच्या युगात उमेदवारीची पद्धतच मावळली आणि अटीत बसणारे कर्जदार मिळेनासे झाले. तुमच्या दानपत्रात ‘हा हेतू साध्य होणे अशक्य झाल्यास विश्वस्तांनी त्याच्या जवळचा हेतू निवडावा’ असे एक वाक्य असू द्या.

सभागृहाच्या नावाबद्दल मी घाई करणार नाही. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर निळे फलक लावण्याची योजना १८६६ पासून चालू आहे, आणि तिचा आजचा नियम असा आहे की व्यक्तीच्या निधनाला किमान २० वर्षे झाल्याशिवाय प्रस्तावाचा विचार होत नाही. शोकाच्या भरात घेतलेले निर्णय थंड झाल्यावर पाहावेत, एवढाच त्यामागचा शहाणपणा. तोवर तालमीच्या खोलीत एक छायाचित्र आणि त्याखाली त्यांनी काय केले हे तीन ओळींत लिहिलेले असले तर ते मुलांच्या नजरेला रोज पडेल.

प्रश्न : आमच्या मंडळाचा सारा भार वाहणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा गौरव जिवंतपणी व्हावा असे वाटते, पण त्या सत्काराला साफ नकार देतात. शिवाय त्यांचे काम पुढे मला करायचे आहे आणि ते मला झेपेल असे वाटत नाही.

उत्तर : सत्काराचा नाद सोडा आणि त्यांच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन जा. मौखिक इतिहास ही आता रुळलेली शाखा आहे. इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात यासाठी खास कचेरी उघडली, ती याच जाणिवेने की टेलिफोनच्या काळात कर्ती माणसे पत्रे आणि रोजनिशा लिहीनाशी झाली आहेत. तुमच्या बाईंचेही ज्ञान कोठे लिहिलेले नाही. ते त्यांच्या डोक्यात आणि एका फाटक्या दूरध्वनिवहीत आहे. कोणत्या सभागृहाचा रखवालदार सकाळी बोललेला आवडत नाही, कोणता दाता मागितल्याशिवाय देत नाही आणि मागितल्यावर कधी नाही म्हणत नाही, कोणत्या दोन कलाकारांना एकाच खोलीत बसवायचे नाही, हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत आहे? त्या वहीतील प्रत्येक नावाबद्दल त्यांना बोलते करा. सत्कार नाकारणारी माणसे दुसऱ्यांबद्दल आनंदाने बोलतात आणि त्यात स्वतःबद्दल नकळत सर्व सांगून जातात. संमती आधी घ्या, एका बैठकीत तासाहून अधिक थकवू नका, आणि एखादा मजकूर त्यांनी मागाहून वगळायला सांगितला तर वाद न घालता वगळा.

झेपण्याबद्दल म्हणाल तर एका माणसाला ते काम झेपू नये, हेच बरे. एकीने तीस वर्षे सारे वाहिले म्हणून तिच्या जागी दुसरी एकटी शोधणे ही मंडळाची सोय आहे, न्याय नव्हे. त्यांच्या कामांची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घ्या, मग ती चार-पाच जणांत वाटा. हिशेब एकाकडे, सभागृह दुसऱ्याकडे, कलाकारांशी बोलणे तिसऱ्याकडे. त्या जवळ असताना पहिल्या दोन कार्यक्रमांत चुका होऊ द्या, कारण चूक कोठे झाली हे सांगणारे माणूस तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले असेल.

पहिल्या बैठकीला ‘तुमच्या जीवनकार्याबद्दल सांगा’ असे मात्र विचारू नका. त्या ‘मी काही केले नाही’ म्हणून विषय संपवतील. अगदी पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाचे दार कोणी उघडले आणि किल्ली कोठून आणली होती, एवढेच विचारा.